कोकण रेल्वेचे क्रॉसिंग स्टेशन एचओमध्ये: रुळांचा आराखडा तपासून हवा आहे

रूळरेषा

मॉडेल रेल्वेत एकेरी मार्गावरचे एक लहान क्रॉसिंग स्टेशन (समोरासमोरच्या गाड्या जिथे एकमेकींना वाट देतात) करायचे आहे. नाव काल्पनिक, पण स्वभाव कोकण रेल्वेचा: रोहा ते ठोकूर या ७४१ किमीमध्ये कुठेही शोभेल असे.

मापन एचओ, म्हणजे १:८७. खोलीची लांब भिंत ४.७ मीटर, आडवी ३ मीटर. रूळ चारही भिंतींलगत फिरतात. स्टेशन एका लांब भिंतीवर, लपवलेले यार्ड समोरच्या भिंतीवर. पाटाची (रूळ बसवायच्या फळीची) रुंदी ६० सेंमी, कोपऱ्यांची त्रिज्या ८०० मिमी. काळ २००५ च्या आसपासचा, म्हणजे डिझेल इंजिने आणि जुन्या पद्धतीचे आयसीएफ डबे; विजेच्या तारा नाहीत. रूळ पेको कंपनीचे स्ट्रीमलाइन कोड ७५, पॉइंट (रूळ दोन वाटांना फुटतो तो सांधा) मीडियम, ९१४ मिमी त्रिज्येचे.

दोन्ही बाजूंचे कोपरे आणि कडेची १०-१० सेंमी सोडली की स्टेशनला २.९ मीटर सरळ लांबी उरते. पहिल्या आराखड्यात चार धावत्या लाइनी, मध्ये एक बेट-फलाट, तीन साइडिंग, एक डबल स्लिप आणि एक सिझर्स क्रॉसओव्हर (दोन्ही लाइनी एकमेकींना छेदतात तिथले गुंतागुंतीचे सांधे) आहे. लूप (मेनला, म्हणजे मुख्य लाइनला, समांतर आणि दोन्ही टोकांना जोडलेली लाइन) २.९ मीटरची बसते, म्हणजे दहा डब्यांची गाडी मावेल असा हिशेब आहे. काय चुकते आहे ते सांगा.

सांधेवाला

लूपचा हिशेब पहिल्यांदा दुरुस्त करा, कारण बाकीचे सगळे त्यावर उभे आहे.

लूपची लांबी पॉइंटच्या टोकापासून टोकापर्यंत मोजत नाहीत, फाउलिंग मार्कपासून फाउलिंग मार्कपर्यंत मोजतात. दोन रुळांच्या मध्यरेषांमधले अंतर जिथे ४.२६५ मीटर होते, तिथे ब्रॉडगेजवर हा मार्क असतो. त्याच्या पुढे डब्याचा कोपरा गेला की शेजारच्या लाइनवरची गाडी घासणार. एचओमध्ये ते अंतर ४९ मिमी येते.

आता तुमचा मीडियम पॉइंट घ्या. लांबी २१९ मिमी, फुटणारी वाट १२ अंशांनी जाते आणि पॉइंट संपतो तिथे मध्यरेषा साधारण २५ मिमी बाजूला गेलेली असते. समांतर होण्यासाठी पुढे ९१४ त्रिज्येचा उलटा वळसा लागतो. तो १९० मिमी लांबी खातो आणि २० मिमी अंतर देतो. म्हणजे सरळ जोडले तर ४५ मिमी होतात, ४९ होतच नाहीत. अशी लूप समांतर दिसते, पण तिच्या पूर्ण लांबीत कुठेच फाउलिंग मार्क बसत नाही.

मध्यांतर ६१ मिमी ठेवा. आपल्याकडे नव्या कामांत रुळांचे मध्यांतर ५.३ मीटर असते, त्याचे ८७ व्या हिश्शाने ६१ मिमी होतात. त्यासाठी पॉइंट आणि उलटा वळसा यांच्यामध्ये साधारण ७५ मिमीचा सरळ तुकडा घाला. मग पॉइंटच्या टोकापासून समांतर होईपर्यंत ४८५ मिमी जातात आणि फाउलिंग मार्क ३४० मिमीवर येतो.

२९०० वजा दोन वेळा ३४०, उरले २२२० मिमी. हीच तुमची खरी लूप.

लाल_माती

आणि त्यात गाडी किती मावते तेही मांडून ठेवते. बफरसह लांबी धरली आहे:

आयसीएफ डबा २२.२९७ मीटर: २५६ मिमी
एलएचबी (नव्या पद्धतीचा) डबा २४ मीटर: २७६ मिमी
डब्ल्यूडीएम-३ए इंजिन १७.१२ मीटर: १९७ मिमी
बॉक्सएन (उघडी मालवाहू) वाघीण १०.७१३ मीटर: १२३ मिमी

एक इंजिन आणि पाच आयसीएफ डबे म्हणजे १४७७ मिमी. ड्रायव्हर मार्कच्या मिमीवर गाडी थांबवू शकत नाही, म्हणून दोन्ही टोकांना मिळून किमान १२० मिमी जास्त हवेत. १.६ मीटर स्वच्छ लूप म्हणजे पाच डब्यांची पॅसेंजर, किंवा नऊ बॉक्सएन आणि ब्रेक व्हॅनची मालगाडी. इंजिन आणि नऊ वाघिणी मिळूनच १३०४ होतात.

खऱ्या लूपची प्रमाण लांबी ६८६ मीटर, एचओमध्ये ७.९ मीटर. तिथपर्यंत आपण पोचणार नाही आणि पोचायची गरजही नाही. गरज आहे ती सगळ्या गाड्या एकाच लांबीच्या आसपास ठेवण्याची. पाच डब्यांच्या पॅसेंजरला नऊ वाघिणींची मालगाडी भेटली की स्टेशन भरलेले दिसते. तीन डब्यांना पंधरा वाघिणी भेटल्या की आराखडा कितीही चांगला असो, डोळ्याला खोटे वाटते.

गँगमेट

डबल स्लिप आणि सिझर्स दोन्ही काढा. एकेरी मार्गावरच्या लहान स्टेशनात त्यांना कामच नसते. गाडी येते, लूपवर किंवा मेनवर थांबते, समोरची सुटते, मग ही सुटते. इंजिन फिरवायचे नाही, डबे कापायचे नाहीत. साध्या पॉइंटांवर सगळे होते. त्या दोन वस्तूंत जेवढा पैसा जातो तेवढ्यात चार चांगले पॉइंट आणि त्यांच्या मोटरी येतात. शिवाय बारा वायरींची कटकट वाचते.

कोकणात १:१५० पेक्षा तीव्र चढ नाही, म्हणून घाटातल्यासारखी कॅच साइडिंगही (उतारावर ताबा सुटलेली गाडी अडवणारी लाइन) घालू नका. ती बोर घाटात शोभते, तिथे १:३७ आहे.

रूळरेषा

मग तीन लाइनी ठेवतो: मध्ये मेन, दोन्ही बाजूंना एकेक लूप. साइडिंग एकच, आणि ती रोरोसाठी. कोलाड आणि वेर्णे दरम्यान १९९९ पासून ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेतात, तसा छोटा धक्का करता येईल. कोणती लूप भिंतीकडे आणि कोणती प्रेक्षकाकडे?

सांधेवाला

याचे उत्तर तुमच्या कोपऱ्यांत आहे.

कोपऱ्यातून बाहेर पडणारी गाडी आतल्या बाजूला वळत आलेली असते. लगेच पुढच्या पॉइंटवर ती बाहेर, म्हणजे भिंतीकडे फुटली तर ८०० ची डावी आणि ९१४ ची उजवी अशी नागमोड तयार होते. लांब डबे तिथे बफर अडकून रुळावरून उतरतात, आणि ढकलत नेताना तर हमखास. दोन उलट वळणांमध्ये निदान एका डब्याएवढी सरळ जागा हवी, म्हणजे साधारण २५० मिमी.

म्हणून पॉइंटांचा क्रम असा लावा: कोपऱ्यानंतर पहिला पॉइंट आतल्या (प्रेक्षकाकडच्या) लूपचा. हा कोपऱ्याच्याच दिशेने फुटतो, नागमोड होत नाही. त्याच्या लगेच पुढे मेनवर भिंतीकडच्या लूपचा पॉइंट. पहिल्या पॉइंटचे २१९ मिमी सरळ रूळ हेच तुमचे सरळ अंतर झाले. वर ३०-४० मिमीचा तुकडा मिळाला तर घाला.

किंमत एवढीच की भिंतीकडची लूप आखूड होते: २९०० वजा दोन वेळा ५५९ (२१९ अधिक ३४०), म्हणजे १७८२ मिमी. पाच डब्यांना पुरते. तुकडा घातलात तर तो दोन्ही टोकांना यातून वजा होईल. ती मालगाडीची लूप, रोरोची साइडिंग तिच्यातून फुटेल. प्रेक्षकाकडची लांब लूप पॅसेंजरची, तिलाच फलाट.

वळणमाप

त्रिज्येबद्दल: सर्वात लांब डब्याच्या तिप्पट त्रिज्या हा किमान भरवशाचा आकडा. आयसीएफ २५६ चा, तिप्पट ७६८, म्हणजे ८०० चालते. पण २७६ चा एलएचबी कधी आणणार असाल तर तिप्पट ८२८ होते, तेव्हा कोपरे आताच ८३०-८४० करून ठेवा. दोन्ही टोकांना मिळून स्टेशनची ६०-८० मिमी जातील. नंतर पाट कापून त्रिज्या वाढवता येत नाही.

कोकण रेल्वेची खरी किमान त्रिज्या १२५० मीटर. एचओमध्ये १४.४ मीटर! म्हणून कोपरे उघडे दाखवू नका. दोन्ही कोपऱ्यांवर जांभ्याचे कटिंग किंवा बोगदा घ्या. या मार्गाला तेच शोभते आणि घट्ट वळणही झाकले जाते.

लाल_माती

फलाटाची मापे, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

खऱ्या उंच फलाटाचा काठ रुळाच्या मध्यापासून १६७० मिमी, म्हणजे १९.२ मिमी. आयसीएफ डबा ३२४५ मिमी रुंद, त्याचा अर्धा १८.६५ मिमी. फट अर्ध्या मिमीची उरली. मॉडेलचा डबा बोगीवर (खालच्या चाकांच्या गाड्यावर) थोडा हलतोच, त्यामुळे तंतोतंत मापाचा फलाट पायऱ्या खरवडतो. २०.५ मिमी ठेवा. डोळ्याला फरक कळत नाही.

उंची रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिमी, म्हणजे ८.७ ते ९.७ मिमी. ती पाटापासून मोजू नका. खाली कॉर्क, स्लीपर आणि रूळ यांची जाडी येते. एक डबा रुळावर ठेवून दाराचा तळ पाहा आणि मगच लाकडी पट्टी कापा. टोकांचा उतार १:६ पेक्षा तीव्र नको, म्हणजे ९ मिमी उंचीला किमान ५४ मिमी लांब.

फलाट उलट्या वळशात घुसवू नका. बोगींचे मध्यांतर १४.७८ मीटर, एचओमध्ये १७० मिमी. ९१४ त्रिज्येवर डब्याचा मधला भाग आत ४ मिमी झुकतो आणि टोके बाहेर ४.२ मिमी जातात. २०.५ चे माप तिथे कोलमडते. फलाटाचा काठ सरळ रूळ सुरू झाल्यावर निदान १२० मिमीने सुरू करा. तेवढ्यात पुढची बोगी वळण सोडते आणि डबा सरळ होऊ लागतो.

गँगमेट

मध्यांतर ६१ बद्दल वेगळे मत. एचओचा रूळ १६.५ मिमी, तो १४३५ मिमीच्या गेजचा. आपले १६७६ चे गेज १:८७ मध्ये १९.३ मिमी होते. म्हणजे रूळच सुमारे १४ टक्के अरुंद आहे. त्यावर ६१ चे मध्यांतर ठेवले की लाइनी एकमेकींपासून फार लांब वाटतात. ५५ ठेवा, प्रमाण डोळ्याला बरे दिसेल आणि घशातली (टोकाच्या पॉइंटांच्या भागातली) लांबीही वाचेल.

सांधेवाला

रिकामा रूळ पाहिला तर तुमचे बरोबर आहे. गाड्या उभ्या राहिल्या की चित्र उलटते. डबे खऱ्या रुंदीचे आहेत, ३७.३ मिमी. ५५ वर दोन गाड्यांमध्ये १७-१८ मिमी उरतात, ६१ वर जवळपास २४. क्रॉसिंग स्टेशनचा जीवच दोन गाड्या शेजारी उभ्या राहण्यात आहे. दोन लाइनींच्या मध्ये सिग्नलचा खांबही उभा करायचा आहे. शिवाय घसरलेला डबा उचलायला बोटे जायला हवीत. मेन आणि लूपला ६१ च ठेवावे. साइडिंगला ५५ चालेल.

गँगमेट

खांबाचा मुद्दा मान्य. स्टार्टर सिग्नल (गाडीला स्टेशनातून सोडणारा) ५५ मध्ये खरोखर अडचणीचा होतो. मग साइडिंगपुरते ५५.

वाघीण

इथवर कोणी आयसोलेशनचे, म्हणजे लाइनी एकमेकींपासून सुरक्षित अलग ठेवण्याचे, नाव घेतले नाही. भारतीय यार्ड भारतीय दिसते ते यामुळे.

प्रवासी गाडी जिथून जाते त्या लाइनला साइडिंग थेट जोडत नाहीत. साइडिंगमधली सुटी वाघीण घरंगळून आली तर ती मुख्य लाइनवर पोचू नये म्हणून मध्ये ट्रॅप पॉइंट असतो, आणि तो वाघिणीला लूपच्या विरुद्ध बाजूला उतरवतो. मॉडेलमध्ये पेकोचा कॅच टर्नआउट मिळतो, किंवा जुन्या पॉइंटची एक पाती कापून दिखाऊ ट्रॅप करता येतो. जागा मात्र नेमकी हवी: साइडिंगच्या फाउलिंग मार्कच्या आत, साइडिंगच्या बाजूला. मार्कच्या बाहेर बसवलात तर उतरलेली वाघीण लूपवरच आडवी होणार आणि ट्रॅपचा अर्थच गेला.

दुसरी गोष्ट सँड हम्प. लूपच्या टोकाला रूळ सरळ पुढे जातो आणि वाळूच्या ढिगात संपतो. गाडी थांबायच्या जागेच्या पुढे सरकली तर मेनवर न जाता वाळूत शिरते. हम्प नसेल तर सिग्नलपुढे १२० मीटर मोकळी जागा राखावी लागते, एचओमध्ये १.३८ मीटर. ती आपल्याकडे कुठून येणार? हम्प असला की दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच वेळी आत घेता येतात. नसला तर एक गाडी पूर्ण थांबेपर्यंत दुसरीला होम सिग्नलला (स्टेशनात घेणाऱ्या सिग्नलला) उभे राहावे लागते.

रूळरेषा

हम्पसाठी आणखी एक पॉइंट घातला तर लूप संपेलच की. दोन टोकांना दोन पॉइंट म्हणजे ४३८ मिमी गेले.

वाघीण

तेवढे जात नाहीत. हम्पचा पॉइंट उलट्या वळशाच्या जागी बसतो, त्याच्या पुढे नव्हे.

लूपवर उभे राहून मेनकडे पाहा. सरळ वाट हम्पला जाते, फुटणारी वाट १२ अंशांनी मेनच्या पॉइंटला भेटते. म्हणजे तो एक क्रॉसओव्हरच झाला. दोन मीडियम पॉइंट थेट जोडले तर मध्यांतर ५०-५१ मिमी येते. ६१ हवे म्हणून उरलेले १० मिमी भागिले ०.२०८ (१२ अंशांचे साइन), म्हणजे ४८-४९ मिमीचा तुकडा मध्ये घाला. एकूण लांबी तीच ४८५ मिमी.

तोटा दुसरीकडे आहे. आता गाडी फाउलिंग मार्कला नाही, हम्पच्या पॉइंटच्या टोकाआधी थांबायला हवी. म्हणून प्रत्येक टोकाला ३४० ऐवजी ४८५ जातात. पॅसेंजर लूप २२२० वरून १९३० मिमी. पाच डबे आरामात. मालगाडीच्या लूपला हम्प नको, १७८२ मधून कापायला काही शिल्लक नाही.

हम्पची लांबी १५०-१८० मिमी पुरे. शेवटचे १०० मिमी रूळ बारीक पिवळसर वाळूत अर्धे बुडवा, टोकाकडे ढीग थोडा चढता. चाळलेली वाळू पाण्यात कालवलेल्या फेविकॉलने बसवा. पॉइंटची पाती आणि आडवी पट्टी आधी टेपने झाका. गोंद एकदा पात्यांखाली शिरला की तो पॉइंट गेलाच समजा.

वळणमाप

यामुळे एक छान गोष्ट होते. हम्पच्या पॉइंटच्या अलीकडे लूप पूर्ण सरळ आहे. लाल_माती यांचा १२० मिमीचा नियम फलाटाला लागतच नाही, कारण वळण पॉइंटच्या फुटणाऱ्या वाटेत गेले. फलाट पॉइंटच्या टोकापासून ५०-६० मिमी अलीकडे संपवला तरी चालतो.

लाल_माती

खरे आहे, आणि मग फलाट १५०० मिमी ठेवा. पाच डबे १२८० चे, इंजिन उताराच्या पुढे उभे राहिले तरी चालते.

फलाट प्रेक्षकाकडे असल्याने स्टेशनची इमारत पाठमोरी दिसेल. ती फलाटाच्या मधोमध ठेवू नका, तिन्ही लाइनी झाकल्या जातील. एका टोकाकडे सरकवा, रुंदी १२०-१५० मिमी. ६० सेंमी पाटावर भिंतीपासून असा हिशेब लागतो: रस्ता आणि धक्का १२०, मग साइडिंग, ५५, लूप, ६१, मेन, ६१, लूप, २०.५, फलाट ९०, इमारत आणि अंगण १५०. बेरीज ५५७. कडेला चार सेंमी राहतात.

गँगमेट

रोरोच्या धक्क्याबद्दल एक प्रश्न स्वतःला विचारा: धक्का साइडिंगच्या कोणत्या टोकाला? ट्रक मागच्या वाघिणीवरून चढून एकेक वाघीण ओलांडत पुढे जातो. त्यामुळे धक्का बंद टोकालाच हवा आणि इंजिन दुसऱ्या टोकाला. साइडिंग लूपच्या ज्या टोकाकडून फुटेल, इंजिन तिकडेच राहणार. धक्क्याची उंची वाघिणीच्या तळाएवढी, म्हणून वाघीण हातात आल्याशिवाय धक्का बांधू नका. उतार सौम्य, निदान १:१०, नाहीतर ट्रकचे नाक आपटल्यासारखे दिसते.

विद्युत्_मंडळ

वायरिंग थोडक्यात, कारण या आराखड्यात अवघड काही नाही.

धातूच्या फ्रॉगचे (पॉइंटमध्ये रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) पॉइंट घ्या. फ्रॉगच्या पुढच्या दोन्ही आतल्या रुळांवर इन्सुलेटेड जोड घाला आणि फ्रॉगला मोटरच्या स्विचमधून वीज द्या. हम्पच्या क्रॉसओव्हरमध्ये तर हे विसरूच नका. दोन फ्रॉग एकमेकांकडे तोंड करून आहेत, मधल्या ४९ मिमी तुकड्याच्या दोन्ही रुळांत जोड हवेत, नाहीतर पॉइंट वेगवेगळे असताना शॉर्ट होतो.

रुळाच्या प्रत्येक ९१४ मिमी लांबीला स्वतंत्र फीडर (वीज देणारी वायर). जॉइनरवर विसंबू नका, दमट हवेत ते वर्षभरात काळे पडतात. पाटाखाली मुख्य वायर १.५ चौरस मिमी.

हम्पचा पॉइंट आणि मेनचा पॉइंट एकाच बटणावर जोडा. खऱ्या यार्डातही ते जोडीनेच हलतात: दोन्ही मेनला, किंवा दोन्ही लूपला. मेनला असले की लूपवरची गाडी आपोआप हम्पकडे वळलेली असते.

सांधेवाला

पाटाचे आडवे दांडे ठोकण्याआधी आराखडा १:१ कागदावर छापून पसरा. पेको पॉइंटांचे पूर्ण आकाराचे नमुने मोफत देते, आणि एक्सट्रॅककॅड हे आराखड्याचे सॉफ्टवेअरही मोफत आहे. प्रत्येक पॉइंटच्या हलत्या पट्टीखाली दांडा येत नाही ना ते पाहा. या आराखड्यात पॉइंट सात आहेत: मेनवर चार, हम्पचे दोन, रोरोचा एक. एकाखाली जरी दांडा आला तरी मोटर बसवायला तो कापावा लागतो आणि पाट तिथे झोल खातो.

रुळाच्या जोडात अर्धा मिमी फट ठेवा. निकेल सिल्व्हर एका मीटरला २० अंशांत सुमारे ०.३ मिमी वाढते, ते फार नाही. पावसाळ्यात हलते ते लाकूड. प्लायच्या कापलेल्या कडा आणि खालची बाजू आधी रंगवून बंद करा.

रूळरेषा

सगळे घेऊन दुसरा आराखडा केला: तीन लाइनी, सात पॉइंट, एक ट्रॅप. कोपरे ८३० केले, त्यामुळे सरळ लांबी २८४० राहिली. पॅसेंजर लूप १८७०, मालगाडीची १७२२. सिग्नल कुठे उभे करायचे?

वाघीण

प्रत्येक लाइनला प्रत्येक दिशेने एक स्टार्टर. पॅसेंजर लूपवर हम्पच्या पॉइंटच्या टोकाआधी, मालगाडीच्या लूपवर फाउलिंग मार्कच्या आत. मेनवर पहिला मार्क भिंतीकडच्या लूपचा लागतो, तिथला स्टार्टर त्याच्या आत. एकूण सहा. सिग्नल गाडीच्या डाव्या हाताला. होम सिग्नल बोगद्याच्या किंवा कटिंगच्या तोंडाशी एकेक. लूपवर घेण्यासाठी त्यावर पाच पांढऱ्या दिव्यांचा तिरका रूट इंडिकेटर लागतो, तो डोक्यावर बसवा. इथे दोन लूप दोन बाजूंना आहेत, म्हणून दोन तिरक्या ओळी: एक डावीकडे, एक उजवीकडे.

लूपवर शिरतानाचा वेग ताशी ३० किमी ठेवा, एचओमध्ये सेकंदाला ९.६ सेंमी. दीड मीटरची गाडी एका जागेवरून पूर्ण जायला १५-१६ सेकंद घेते. घड्याळ लावून कंट्रोलरवर ती खूण करून ठेवा.